तालमीतला अंधार आणि मॅट कागद: एका सॉफ्ट प्रूफचं प्रकरण

कोल्हापूरच्या जुन्या तालमींचे फोटो काढणाऱ्या एका मित्राचं हे काम. दोन डझनांच्या आतले फोटो, आकार ए-टू, कागद मॅट, प्रदर्शनाचं दालन ठरलेलं. मी छपाईच्या बाजूचा माणूस. तो माझ्याकडे आला तो दुसरीकडून छापून आणलेला एक नमुना घेऊनच.

"दादा, सॉफ्ट प्रूफ बघून पाठवलं होतं. तरी सगळं काळंकुट्ट आलंय. मागचा कोनाडा गेला, माती गेली, पोरांचे पाय गेले."

सॉफ्ट प्रूफ म्हणजे कागदावर फोटो कसा येईल ते छापायच्या आधी स्क्रीनवरच बघणं. नमुना नीट पाहिला. लॅबनं फाइलमध्ये होतं तेच छापलं होतं, आणि चांगलं छापलं होतं. मॅट कागदाची काळी शाई वापरलेली, प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल) योग्य, प्रिंटहेड तुंबल्याची एकही रेघ नाही. म्हणजे गडबड फाइल लॅबकडे जाण्याआधीच झाली होती, आणि सॉफ्ट प्रूफ 'केलेलं' असूनही झाली होती. प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं ते त्यामुळेच. सॉफ्ट प्रूफ न करता फसलेली माणसं पुष्कळ भेटतात. करून फसलेल्याकडून जास्त शिकायला मिळतं.

फोटोत काय होतं

ज्या फोटोवर सगळ्यात जास्त वेळ गेला, तो असा: लाल मातीचा हौदा, त्यात दोन पैलवान एकमेकांना भिडलेले, वरच्या झरोक्यातून उजेडाची एक तिरीप त्यांच्या खांद्यांवर. मागे कोनाड्यात शेंदूर फासलेला मारुती. त्याच्या बाजूला भिंतीला टेकवलेले मुद्गल आणि गदा, जवळजवळ अंधारात. तालमीच्या भिंती जाड, छत बुटकं, खिडक्या म्हणाव्यात तर नाहीतच. फ्लॅश वापरायचा नाही हा त्याचा हट्ट, आणि तो बरोबरच होता. पण त्यामुळे फोटोचा निम्म्याहून मोठा भाग हिस्टोग्रामच्या, म्हणजे उजेडाच्या आलेखाच्या, डाव्या, गडद कोपऱ्यात गोळा झालेला.

मॅटच का, हे मी विचारलंच. त्यानं दोन कारणं दिली. दालनात समोरून स्पॉटलाइट आहेत, आणि इतके गडद फोटो चकचकीत कागदावर छापले की बघणाऱ्याला पैलवानाऐवजी स्वतःचाच चेहरा दिसतो. दुसरं कारण, विषय मातीचा आहे तर कागदही मातीच्या जवळचा हवा. दुसरं कारण कवीचं झालं, पण पहिलं पक्कं होतं. कागद ठरला हानेम्यूलेचा फोटो रॅग, ३०८ ग्रॅम, शंभर टक्के कापसाचा.

मॅट कागद काळा रंग का खातो, हे एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. चकचकीत पृष्ठभागावर पडलेल्या उजेडाचा काही भाग वरूनच परततो, पण एका ठरावीक दिशेनं. आपण जरा बाजूला सरकलो की तो डोळ्यांत येत नाही आणि खालची शाई खोल काळी दिसते. मॅट पृष्ठभाग खडबडीत असतो, तो तोच उजेड सगळ्या दिशांना उधळतो. कुठेही उभे राहा, काळ्यावर एक पातळ धुरकट थर कायम दिसणार. छपाईतली सगळ्यात जास्त घनता, जिला आम्ही डी-मॅक्स म्हणतो, ती चांगल्या मॅट कागदावर साधारण १.६ ते १.७ पर्यंत जाते. चांगल्या बरायटा, म्हणजे चकाकी असलेल्या, कागदावर ती २.३ च्या आसपास असते. 'एल-ए-बी' (Lab) नावाच्या रंगमोजणीत उजळपणा शून्य (काळा) ते शंभर (पांढरा) असा मोजतात. त्या हिशेबात मॅटचा काळा १७ च्या जवळ येतो आणि बरायटाचा ४ ते ५. कागदाचा पांढरा धरला तर मॅटवरच्या सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद जागांचं प्रमाण चाळीसाला एक इतकंच भरतं. ज्या स्क्रीनवर फोटो 'झाला' असं आपण म्हणतो, तिथे ते साधारण हजाराला एक असतं.

पाच खोल्यांचं सामान दोन खोल्यांत लावायचं आहे, एवढाच हा मामला. सामान कमी होणार हे ठरलेलंच आहे. काय ठेवायचं आणि काय माळ्यावर टाकायचं हे घर बदलायच्या आधी ठरवता येतं, ती सोय म्हणजे सॉफ्ट प्रूफ.

अर्धवट सॉफ्ट प्रूफ

त्यानं लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये एस दाबून सॉफ्ट प्रूफिंग चालू केलं होतं, कागदाचं प्रोफाइलही निवडलं होतं. मग 'सिम्युलेट पेपर अँड इंक'ची चौकट टिचकावली, फोटो एकदम धुतल्यासारखा झाला, म्हणून त्यानं ती चौकट परत बंद केली. "ते बटण बिघडलंय वाटलं," असं त्याचं म्हणणं.

ती चौकट बंद असते तेव्हा सॉफ्टवेअर कागदाचा पांढरा तुमच्या स्क्रीनच्या पांढऱ्यावर बसवतं आणि कागदाचा काळा स्क्रीनच्या काळ्यावर. रंगांच्या मर्यादा थोड्याफार दिसतात, पण कॉन्ट्रास्ट किती आक्रसणार याचा पत्ताही लागत नाही. चकचकीत कागदासाठी हे एक वेळ चालून जातं. मॅटसाठी नाही, कारण तिथे मुख्य नुकसान कॉन्ट्रास्टचंच असतं. म्हणजे ज्या गोष्टीसाठी सॉफ्ट प्रूफ करायचं, नेमकी तीच त्यानं बंद करून ठेवली होती.

दुसरी गोष्ट लॅपटॉपची. ब्राइटनेस पूर्ण वर. अशा स्क्रीनचा पांढरा तीनशे कॅन्डेला प्रति चौरस मीटरच्या (प्रखरतेचं हे माप) घरात सहज असतो. प्रिंटशी तुलना करायची तर तो ८० ते १२० मध्ये ठेवतात. तीनशे आणि शंभर यांत दीड स्टॉपहून जास्त फरक पडतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). इतक्या प्रखर स्क्रीनवर अंधारातलं सगळं वाचता येतं, त्यामुळे शॅडो वर उचलायची गरजच भासत नाही. त्याचे मुद्गल त्या स्क्रीनवर छान दिसत होते. फाइलमध्ये त्यांचा उजळपणा ६ ते ८ होता. इतक्या खालचं काही मॅटवर वेगळं उमटत नाही.

माझ्या मॉनिटरवर बसलो. कॅलिब्रेट केलेला, पांढरा १०० कॅन्डेलावर. चौकट चालू करताना मी त्याला नजर बाजूला करायला सांगितली, आणि हे मी सगळ्यांनाच सांगतो. डोळ्यांसमोर फोटो फिकट होताना पाहिला की पुढची दहा मिनिटं मेंदू नुकसानच मोजत बसतो. आधीचं न बघता थेट प्रूफकडे पाहिलं, भोवती कागदाचा पांढरा ठेवला, मेनूबार आणि सगळ्या पट्ट्या लपवल्या, की थोड्या वेळात डोळा रुळतो आणि तेच चित्र पुरेसं जिवंत वाटायला लागतं. शेजारी शुद्ध पांढऱ्या पट्ट्या असल्या तर मात्र कागदाचा पांढरा मळकट दिसत राहतो आणि माणूस कागदालाच शिव्या देतो.

एक खरं सांगायला हवं. चौकट चालू केलेलं प्रूफ प्रत्यक्ष प्रिंटपेक्षा थोडं जास्तच मरगळलेलं दिसतं. स्क्रीनवरचा तो राखाडी-काळा स्वतः उजेड फेकत असतो. कागदावरचा काळा तसा नसतो, आणि भोवती पांढरा मार्जिन असला की डोळा त्याला काळाच मानतो. तेव्हा प्रूफमधली धूसरता शंभर टक्के भरून काढायला जाऊ नये. अशा भरून काढलेल्या फाइलचे प्रिंट भडक येतात.

वीस पायऱ्या, दहा पायऱ्या

रेंडरिंग इंटेंट, म्हणजे कागदावर न मावणारे रंग कसे बसवायचे ती पद्धत, रिलेटिव्ह ठेवलं. लाइटरूममध्ये त्यासोबत ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (फाइलचा काळा कागदाच्या काळ्यावर बसवणं) आपोआप येतं, फोटोशॉपमध्ये ते निवडावं लागतं. ते नसेल तर १७ च्या खालचं सगळं एकाच काळ्यात जमा होतं, आणि या फोटोत तर १७ च्या खालीच अर्धा संसार होता.

असेल तर काय होतं, याचा हिशेब मी त्याला कागदावर मांडून दाखवला. फाइलमधला शून्य प्रिंटवर १७ ला येतो. फाइलमधला १० येतो २१ च्या जवळ, २० येतो २७ ला, ३० येतो ३५ ला, आणि ५० जवळपास जागेवरच राहतो. म्हणजे शून्य ते वीस या वीस पायऱ्या प्रिंटवर दहा पायऱ्यांत कोंबल्या जातात. मधल्या आणि वरच्या भागाला फारसं काही होत नाही. मॅटवर 'सगळा फोटो फिका पडतो' असं लोक म्हणतात तेव्हा खरं तर खालचा कोपरा चपटा झालेला असतो, आणि त्याचं मळभ सगळ्या फोटोवर पसरल्यासारखं वाटतं.

यावरचा सोपा, आणि चुकीचा, उपाय म्हणजे शॅडोचा स्लायडर उजवीकडे ओढणे. त्यानं तो करूनही पाहिला. मुद्गल दिसले, कोनाडा दिसला, भिंतीची ढलपी दिसली, आणि तालीम गेली. पहाटेची ती कोंदट खोली दिवसाउजेडी रंगकाम केल्यासारखी झाली. अंधार हा त्या फोटोचा विषय होता, तो पुसून चालणार नव्हतं.

मग आम्ही निवड करायला बसलो. काय वाचता यायलाच हवं? पैलवानांचे मातीत रुतलेले पाय. पाय दिसले नाहीत तर जोर कुठून येतोय ते कळत नाही. मारुती हवा, पण अख्खा नको, शेंदराचा गोळा आणि डोळे पुरे. मुद्गल आणि गदा? इथे वाद झाला. त्याला ते हवे होते, कारण तालमीची ओळख त्यात आहे. माझं म्हणणं, बाकी फोटोंमध्ये ते ढीगभर आहेत, इथे ते अंधारात राहिले तर खांद्यावरची तिरीप उठून दिसेल. शेवटी एका गदेची कड तेवढी ठेवायची असं ठरलं.

ठरल्यावर कामाला वेळ लागला नाही. आधी प्रूफ कॉपी केली, म्हणजे मूळ फोटोला हात न लावता फक्त याच कागदासाठीची वेगळी प्रत. अख्ख्या फोटोला कर्व्ह अगदी थोडा, तळाचा भाग जरासा तिरका चढवलेला. मग मास्क, म्हणजे निवडलेल्या भागापुरताच बदल. पाय आणि आसपासच्या मातीचा भाग ६–१५ वरून साधारण १२–३० पर्यंत ताणला. मागची भिंत उलट थोडी खालीच ढकलली आणि तिच्यातला तपशील सोडून दिला. म्हणजे पायऱ्यांतला मोठा वाटा पायांना आणि मातीला दिला, उरलेल्या सगळ्या अंधाराला मिळून थोडासाच.

अंगावरच्या तेलाची चमक हा वेगळा प्रश्न. मॅटवर चमक 'चमकत' नाही. कागदाच्या पांढऱ्याहून उजळ काही शक्यच नाही, आणि आपला डोळा चकाकी ओळखतो ती शेजारच्या फरकावरून. हायलाइट वर ढकलून काही मिळत नव्हतं, आधीच तो कागदाला टेकला होता. त्याऐवजी चमकेच्या कडेची त्वचा जराशी गडद केली आणि तेवढ्याच भागात क्लॅरिटी वाढवली. घामाचा थेंब परत थेंबासारखा दिसायला लागला. प्रिंट शार्पनिंगमध्ये 'मॅट' निवडलं. कापसाचा कागद शाई पितो, कडा मऊ होतात. हे सॉफ्ट प्रूफमध्ये दिसत नाही, अनुभवावरच ठरवावं लागतं.

शेंदूर वाचला, माती अडली

त्याला सगळ्यात जास्त धास्ती शेंदराची होती. इतका भडक केशरी-तांबडा रंग मॅटवर बसेल का? गॅमट वॉर्निंग (छापता न येणारे रंग दाखवणारी खूण) चालू केली तर मारुतीवर लाल ठिपके आले ते थोडेसेच. हौद्यातली सावलीतली माती मात्र पूर्ण लाल रंगून गेली. त्याला वाटलं वॉर्निंग उलटी चालतेय.

ती बरोबर चालत होती. मॅट कागदावर मधल्या उजळपणाचे भडक रंग बऱ्यापैकी येतात, चकचकीतच्या फार मागे नसतात. मार बसतो तो गडद आणि गहिऱ्या रंगांना. काळाच १७ ला संपत असेल तर २० च्या उजळपणाचा गहिरा लाल मिळवायला शाईला जागाच उरत नाही. ती काळ्या शाईच्या जवळ जाते आणि रंग विटतो. शेंदूर ५० च्या आसपास होता, सुरक्षित. माती १५ ते २५ मध्ये होती. ओल्या मातीचा तो काळपट तांबडा रंग, तोच छपाईच्या हद्दीबाहेर.

घरी असताना त्यानं वॉर्निंगचे ठिपके जाईपर्यंत सॅच्युरेशन खाली आणलं होतं. ठिपके गेले, आणि माती राखेसारखी झाली. ही वॉर्निंग रंग हद्दीबाहेर आहे एवढंच सांगते, किती बाहेर ते सांगत नाही. हातभर बाहेर असो की केसभर, ठिपका तोच. मी ती एकदाच चालू करतो, कुठे बघायचं ते कळलं की बंद करतो. बाकीचं डोळ्यांनी, चौकट चालू ठेवून. आणि मॉनिटरचीही स्वतःची हद्द असते हे विसरू नये. साध्या एसआरजीबी (मर्यादित रंगांच्या) स्क्रीनवर प्रिंटरला जमणारे काही रंग दिसतच नाहीत, मग त्यांच्याबद्दल प्रूफ काय सांगणार?

रिलेटिव्हऐवजी दुसरं, परसेप्च्युअल इंटेंट लावून पाहिलं. माती जराशी बरी, पण त्वचेचा रंगही सोबत उतरला. परत रिलेटिव्हवर आलो. मातीवर तसाही मास्क होता. तिचा उजळपणा वर आणल्यामुळे अर्धं काम आधीच झालं होतं, कारण ती आता ज्या पट्ट्यात होती तिथे लाल रंगाला जागा होती. उरलेलं काम रंगछटेनं केलं: लाल किंचित केशरीकडे सरकवला आणि सॅच्युरेशन जिथल्या तिथे ठेवलं.

आता ही माती खरी कशी असते, हे ठरवणार कोण? फोटोच्या विषयातल्या माणसालाच दाखवायचं ठरलं. याच फाइलमधला मातीचा तुकडा तीन वेगवेगळ्या छटांत एकाच शीटवर छापला, रात्रभर वाळू दिला, आणि मित्र ज्या तालमीत जातो तिथल्या वस्तादांना दाखवला. वस्तादांनी दारातल्या उजेडात शीट धरली आणि बोट ठेवलं. "ही वाळल्याली हाय. ही आमची, ताक-त्याल घातल्याली. आन् ही मधली कुठलीबी न्हाई." हौद्याच्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर असं बरंच काही जिरवलेलं असतं. ताजी तिंबलेली माती गडद आणि किंचित पिवळसर दिसते. त्यांनी निवडलेली छटा माझ्या पसंतीची नव्हती, मला ती जरा पिवळी वाटली होती. सगळ्या मालिकेत तीच ठेवली.

शाई आणि सेटिंग

इथे फार रेंगाळत नाही, पण टाळलं तर वरचं सगळं पाण्यात. पिगमेंट प्रिंटरमध्ये काळ्या शाया दोन, फोटो ब्लॅक आणि मॅट ब्लॅक. मॅट कागदावर फोटो ब्लॅक गेला तर काळा आणखीच राखाडी येतो. कुठली शाई जाणार हे ड्रायव्हरमधल्या मीडिया टाइपवरून ठरतं, आणि प्रोफाइल ज्या मीडिया टाइपसाठी बनलं असेल तोच निवडावा लागतो. कागद कंपनीच्या प्रोफाइलसोबत तो लिहिलेला असतो आणि लोक ते पान वाचत नाहीत. एप्सन ३८८० सारख्या जुन्या यंत्रांत दोन्ही काळ्यांना वाट एकच, बदलताना शाई वाया जाते. २०२० मध्ये आलेल्या एप्सनच्याच पी-९०० मध्ये दोघींचे नोझल वेगळे झाले आणि ही कटकट संपली. जुनं यंत्र असलेल्या छपाईवाल्यानं मॅटच्या एका प्रिंटला नाक मुरडलं तर त्यामागे हे असू शकतं. रंगांची जबाबदारी सॉफ्टवेअरकडे, ड्रायव्हरमधलं रंगनियंत्रण बंद. दोघांनी मिळून रंग सुधारायला घेतले की काय होतं ते एकदा पाहिलेलं माणूस विसरत नाही.

पूर्ण ए-टू छापण्याआधी प्रत्येक फोटोतला अवघड तुकडा तेवढा पट्टीवर छापला. इतक्या महाग कागदावर अख्खा फोटो 'बघू तरी' म्हणून छापणं मला परवडत नाही आणि पटतही नाही. पट्टी वाळल्यावर प्रूफशी ताडली. टोनमध्ये फारच थोडा फरक. कागदाचा पोत आणि जवळून पाहिल्यावर अंधारात जाणवणारा मखमलीपणा मात्र कुठल्याच स्क्रीनवर येत नाही.

दालनातला उजेड

प्रिंट माझ्या टेबलावर उत्तम होते. माझ्या टेबलावर पाच हजार केल्विनचा (दिवसाच्या पांढऱ्या उजेडासारखा), ५०० लक्सचा (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड आहे, आयएसओ ३६६४ हे मानक सर्वसाधारण पाहणीसाठी सांगतं तेवढा. दालनात तसा उजेड कोण देणार? म्हणून फ्रेम करायच्या आधी लक्स मीटर घेऊन तिकडे गेलो. भिंतीवर स्पॉटच्या मध्यभागी १८० लक्स, कडेला त्याच्या निम्मा.

कागद उजेडाचा साधारण नव्वद टक्के भाग परत पाठवतो असं धरलं, तर १८० लक्समध्ये त्याचा पांढरा जेमतेम ५० कॅन्डेला भरतो. प्रूफ पाहिलं होतं १०० वर. म्हणजे दालनात प्रत्येक प्रिंट एक स्टॉप गडद दिसणार, आणि मॅटच्या ज्या दहा पायऱ्यांसाठी एवढी उस्तवार केली, त्यांतल्या खालच्या काही परत अंधारात जाणार.

दोन रस्ते होते. फाइल आणखी उजळ करून पुन्हा छापायची, किंवा उजेड वाढवायचा. मित्राचा कल फाइलकडे होता, कारण ती त्याच्या हातातली गोष्ट. मी उजेडाच्या बाजूनं ठाम राहिलो. वाईट उजेडासाठी बेतलेला प्रिंट चांगल्या उजेडात कायमचा फिका दिसतो, आणि प्रदर्शन संपल्यावर हे प्रिंट कुणाच्या तरी घरी जाणार होते. दालनाच्या वायरमनला विनवून प्रत्येक मोठ्या फ्रेमवर दोन स्पॉट आणले, उभ्या रेषेपासून तीस अंशांत. मोजलं तर ३५० लक्सच्या आसपास. हिशेबानं कागदाचा पांढरा बरोबर १०० कॅन्डेला.

तरी माती काहीशी मेलेली दिसत होती. दिवे साधे एलईडी. सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ८० च्या एलईडीमध्ये गडद लाल रंग दाखवण्याची कुवत, आर-नाइन म्हणतात ती, शून्याच्या जवळपासही असू शकते. लाल मातीवरचं प्रदर्शन आणि लाल न दाखवणारे दिवे! मुख्य भिंतीपुरते सीआरआय नव्वदच्या वरचे दिवे भाड्यानं आणले. दोन्ही दिव्यांखाली एकच प्रिंट धरला तेव्हा दालनाचा व्यवस्थापकही थांबून बघायला लागला. प्रदर्शनाच्या बजेटमध्ये लोक कागद, फ्रेम, निमंत्रणपत्रिका, चहा-बिस्किटं सगळं धरतात. दिवे कुणीच धरत नाही.

काच लावायची नाही हेही इथेच ठरलं. मॅट निवडायचा तो परावर्तन टाळायला, आणि त्यावर साधी काच चढवायची तर मग चकचकीतच काय वाईट होता? पण उघड्या मॅट प्रिंटवर गडद भागात नखाचा ओरखडाही पांढरा उठतो. म्हणून समोर दोर बांधला, आणि टांगण्याचं काम पातळ सुती हातमोजे घालून.

एक फोटो मॅटवर गेला नाही

मालिकेत एक फोटो असा होता की त्यात काहीच नव्हतं: पाठमोरा पैलवान, खांद्याची आणि कानाची कड तेवढी उजळलेली, बाकी निखळ काळं. स्क्रीनवर तो सगळ्यात ताकदवान होता आणि निमंत्रणपत्रिकेवरही तोच. प्रूफमध्ये चौकट चालू केली आणि ते निखळ काळं डांबरी रस्त्यासारखं राखाडी झालं. इथे वाटून घेण्यासारखं काहीच नव्हतं. पाय नाहीत, माती नाही, उचलावा असा तपशील नाही. त्या फोटोची सगळी भिस्त काळ्याच्या खोलीवर, आणि १७ च्या खाली मॅटकडे द्यायला काही नाही.

मित्राला सगळी मालिका एका कागदावर हवी होती. पट्टी छापून दिली. पट्टी त्यानं घरी नेली, दोन दिवस भिंतीला लावून ठेवली, आणि फोन करून म्हणाला, "तुम्ही म्हणताय तसं करू." तो एक फोटो बरायटावर छापला, त्या कागदाच्या प्रोफाइलची वेगळी प्रूफ कॉपी करून. शॅडोला जवळजवळ हात लावावा लागला नाही. टांगला तो दालनाच्या आडव्या बाजूच्या भिंतीवर, जिथे समोरच्या स्पॉटचं प्रतिबिंब पडत नव्हतं, आणि त्याच्या खालच्या पट्टीवर कागदाचं नाव वेगळं लिहिलं.